एनजी फोल्डरमधलं भूत कसं शोधायचं

कॉलेजच्या हॉरर शॉर्टफिल्मसाठी आम्ही नागपूरच्या महाल भागात मोठ्या आईच्या जुन्या घरी तीन रात्री शूट केलं. एप्रिल संपत आलेला, रात्री अकरालाही भिंती तापलेल्या, कूलर चालू ठेवला तर आवाज आणि बंद केला तर भुताचा मेकअप गळून राहिला. चार तासांचं फुटेज निघालं, फिल्म झाली सात मिनिटांची, आणि ती पाहून लोक हसले. घाबरायच्या जागी हसले बे! महिनाभर मी ती फाईल उघडलीच नाही. मग एका दिवशी लॅपटॉपमध्ये जागा करायला एनजीचं, म्हणजे 'नो गुड' म्हणून टाकून दिलेल्या टेकचं, फोल्डर डिलीट करायला घेतलं, सहज एक क्लिप पाहिली आणि लक्षात आलं की फिल्ममध्ये जे नाही ते सगळं इथं पडून आहे. म्हणून ही पद्धत लिहून ठेवतोय.

पहिलं काम सोपं, काहीच डिलीट करू नका. कार्ड फॉरमॅट करायच्या आधी सगळं दोन ठिकाणी कॉपी करा, एक लॅपटॉपवर आणि एक हार्ड डिस्कवर. फोल्डरला तारीख आणि सीनचं नाव द्या, 'न्यू फोल्डर २' नको, नंतर स्वतःलाच शिव्या घालाल.

दुसरं, शूट झाल्या झाल्या पाहायला बसू नका. त्या रात्री तुम्हाला फक्त आपली मेहनत दिसते. आठ-दहा दिवस जाऊ द्या, मग प्रत्येक क्लिप दोनदा पाहा, एकदा आवाज म्यूट करून आणि एकदा डोळे मिटून फक्त ऐकून. हे ऐकायला येडपट वाटते पण करून पाहा, म्यूट केल्यावर हिरोइन घाबरलेली आहे का घाबरल्याची अॅक्टिंग करून राहिली ते एका सेकंदात कळते.

तिसरं, वही घ्या. क्लिपचा नंबर, किती मिनिट-सेकंदावर, काय झालं आणि हा टेक का टाकला. शेवटचा कॉलम महत्त्वाचा, तिथं 'खराब' असं लिहून मोकळं होऊ नका, नेमकं लिहा. फोकस हलला, डायलॉग विसरला, बूम (माईकची काठी) दिसला, भूत हसलं. आमचं भूत सहा वेळा हसलं.

टेक्निकल चुका लवकर उरकता येतात कारण त्यांचं कारण एकच असते आणि एकदाच शिकावं लागते. आमच्या बऱ्याच क्लिपमध्ये भिंतीवर काळे पट्टे सरकताना दिसत होते, काहींना वाटलं खरंच काही आहे घरात. होतं काय, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि मोबाईल ऑटोवर १/६० वगैरे शटर (म्हणजे एका फ्रेमसाठी सेकंदाचा साठावा भाग उजेड घेणं) धरून बसला की पट्टे येतात. मॅन्युअल मोडमध्ये सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा, पट्टे जातात. दुसरी चूक अंधाराची. हॉरर म्हणून आम्ही खरोखरच्या अंधारात शूट केलं, आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा) चढला आणि चित्रभर मुंग्या. उजेड नीट लावून शूट करा आणि एडिटमध्ये काळं करा. फोकसही लॉक करून ठेवा, नाहीतर अंधारात तो इकडून तिकडे शोधत फिरतो.

आता खरा माल. सीन असा होता की मुलगी पाणी प्यायला उठते, मागच्या दारातून पांढऱ्या साडीतली बाई येते. फायनलमध्ये घेतलेल्या टेकमध्ये बाई बरोबर इशाऱ्यावर येते, आणि येताना ती कोणाच्या तरी तेरवीला चालल्यासारखी दिसते. टाकलेल्या टेकमध्ये मात्र तिचा पदर चौकटीच्या खिळ्यात अडकला. चार सेकंद दार नुसतं रिकामं, मग पदर ताणल्याचा बारीक आवाज, मग एक हात. तेवढाच! मी दुपारी दोन वाजता तर्री पोहे खात पाहात होतो, तरी घास थांबला. म्हणून वहीत आणखी एक खूण ठेवा, 'चूक आहे पण अंगावर काटा'. अशा क्लिपचे सेकंद मोजा. भीती बहुतेक वेळा बाई येण्यात नसते, ती यायला किती वेळ लावते त्यात असते, आणि हे आमच्या स्क्रिप्टमध्ये कुठंच नव्हतं.

'अॅक्शन'च्या आधीचे आणि 'कट'नंतरचे दहा सेकंद पण सोडू नका. कटनंतर शेजारच्या टिनावर मांजर धपकन पडलं आणि आमच्या हिरोइनने जशी मान वळवली तशी तिने अख्ख्या शूटमध्ये वळवली नाही. रशियात लेव्ह कुलेशोव्हने शंभरेक वर्षांपूर्वीच दाखवलं होतं की एकच चेहरा कधी सूपच्या ताटलीपुढे, कधी शवपेटीपुढे जोडला की पाहणाऱ्याला वेगवेगळे भाव दिसतात. तसंच ते मांजरवालं तोंड रिकाम्या दारापुढे जोडा. फक्त वापरायच्या आधी तिला विचारा, तिला माहीत नव्हतं कॅमेरा चालू आहे म्हणून.

आवाजाचंही तसंच. ज्या कूलरच्या नावाने आम्ही पंधरा टेक टाकले, त्याचीच घरघर निम्म्या स्पीडवर चालवली, पिच लॉक (स्पीड बदलला तरी सूर तोच ठेवणारं सेटिंग) बंद ठेवून, की आवाज एक सप्तक खाली जातो आणि भिंतीमागे काहीतरी श्वास घेऊन राहिलं असं वाटते. पुढच्या वेळी मात्र सगळे चूप बसून प्रत्येक खोलीचा एक मिनिट नुसता आवाज वेगळा रेकॉर्ड करा, एडिटमध्ये सांधे लपवायला लागतोच.

शेवटी फक्त टाकलेल्या क्लिप वापरून एक मिनिटाचा कट बनवा, स्टोरी नसली तरी चालेल. घराबाहेरच्या दोघांना दाखवा, काही न सांगता, आणि स्क्रीनकडे नाही तर त्यांच्याकडे पाहा. जिथं ते मोबाईल खाली ठेवतात ती जागा वहीत लिहा. त्यावरून रीशूटची यादी करा, पाच शॉटच्या वर नको, नाहीतर पुन्हा चार तास होतात.

आमचं रीशूट पुढच्या शनिवारी आहे. कोणाचा कपडा फाटायला नको म्हणून मोठी आई तो खिळा काढायला निघाली होती, हातातून पक्कड घ्यावी लागली.