गाडी यायच्या आधी आणि गाडी गेल्यावर

आमच्या इंदौरच्या राजेंद्रनगरात कोणी नवीन राहायला आलं की पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, काकू, ६ प्रकारचा कचरा म्हणजे ६ डबे ठेवायचे कुठे, किचनमध्ये पाय ठेवायला जागा नाही. तर आधी हेच सांगते, ६ डबे लागत नाहीत. रोज भरणारे डबे दोनच, ओला आणि सुका. प्लास्टिकसाठी दाराच्या मागे खिळ्याला एक जुना झोला अडकवा. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, वर लाल पेनानी फुली मारून वेगळे द्यायचे, म्हणजे उचलणाऱ्याला उघडून बघावं लागत नाही. राहिलं काय, तर सेल-चार्जर-वायरी, आणि घातक म्हणजे उरलेली औषधं, सीएफएल दिवे, पेंटचे डबे, मच्छर मारायचं औषध. ह्या दोन्हीला बुटाचं एकेक खोकं पुरतं, महिन्या दोन महिन्यांनी भरतं. सीएफएल फुटू देऊ नका, आत पारा असतो. फुगलेली मोबाईलची बॅटरी सुक्या कचऱ्यात कधीच नाही, दाबली गेली की पेट घेते, तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून वेगळी हातात द्या.

आता खरी गोष्ट. वेगळं करायचं ते टाकताना, कचरागाडीचं गाणं ऐकू आल्यावर नाही. गाणं वाजलं की आपण डबा घेऊन धावतो आणि फाटकाशी उभं राहून भाजीच्या देठातनं रॅपर काढत बसतो, तोवर कागदाला आमटी लागलेली असते आणि तो कागद गेला कामातून. ओला कागद रद्दीत चालत नाही, तेलकट तर नाहीच.

ओल्या डब्याचं एकच पथ्य, पाणी जाऊ द्या. मी सिंकमध्ये भोकाची जुनी चाळणी ठेवलीय, चहाचा चोथा, फळांची सालं, ताटातलं उरलेलं आधी तिच्यात पडतं, निथळतं आणि मग डब्यात, वास अर्ध्यावर येतो. ओला कचरा पिशवीत बांधून देऊ नका. आपला हा कचरा देवगुराडियाला जातो, तिथे २०२२ च्या फेब्रुवारीत गोबरधन बायो-सीएनजी प्लांट सुरू झाला, रोजची क्षमता तेव्हा ५५० टन, त्यातनं गॅस निघतो आणि खत निघतं. पण आत कुजवायला जे जातं त्यात प्लास्टिक आलं की ते आधी काढत बसावं लागतं, नाही निघालं तर खतात तुकडे दिसतात. गौरी-गणपतीत निर्माल्य देताना हाराचा दोरा आणि चंदेरी पट्टी आवर्जून काढा, दोन मिनिटं लागतात.

आणि दुधाची पिशवी! ही माझी कळकळीची विनंती आहे. आपण कात्रीनी कोपरा कापतो, तो नखाएवढा त्रिकोण ओट्यावरून सिंकमध्ये, तिथून नाल्यात. पिशवी रिसायकल होईल, तो तुकडा कधीच नाही, इतकं बारीक कोणी वेचू शकत नाही. अर्धवट कापा, कोपरा पिशवीलाच लटकत राहू द्या. मग पिशवी चिरून उघडा, अर्धी वाटी पाण्यात विसळा, ते पाणी तुळशीला घाला, आणि पिशवी खिडकीच्या गजाला चिमट्यानी अडकवा. सकाळपर्यंत कोरडी. अशा कोरड्या पिशव्या अटालेवाला, म्हणजे भंगारवाला पण घेतो. चिप्स-कुरकुऱ्यांची आतून चंदेरी पाकिटं मात्र घेत नाही, त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकाला चिकटलेले असतात, ती प्लास्टिकच्या झोल्यात टाका आणि जमलं तर कमीच आणा.

आता गल्लीचं. २०१७ ते २०२३ केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणात सलग ७ वेळा आपल्या शहराचा पहिला नंबर, शेवटच्या वेळी सुरतबरोबर, तरी रस्त्याच्या कडेला खाली वाकून बघा. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे सॅशे, स्ट्रॉ, तेच दुधाचे त्रिकोण. मोठं सगळं झाडूवाल्या ताई पहाटेच उचलतात, बारीक असतं ते फरशीच्या फटीत आणि झाडांच्या आळ्यात अडकून बसतं, आणि पहिल्या पावसात वाहात कान्ह नदीला. म्हणून आम्ही ८-१० जण रविवारी सकाळी एक तास हे वेचायला निघतो.

तुम्हाला सुरू करायचं तर आदल्या दिवशी वॉर्डाच्या दरोगांना, म्हणजे सफाईच्या मुकादमांना फोन करा, गोळा केलेलं कुठे ठेवायचं आणि गाडी किती वाजता घेईल ते ठरवून घ्या, नाहीतर भरलेली पोती कोपऱ्यावर दिवसभर पडून राहतात आणि कुत्री फाडतात. दोघा-दोघांची जोडी करा, एकाकडे चिमटा, दुसऱ्याकडे दोन पोती, एक प्लास्टिकचं, एक बाकी सुक्याचं. हातमोजे जाड रबराचेच घ्या. पहिल्याच रविवारी आमच्यातल्या एका काकांनी पातळ मोज्यांनी पानांचा ढीग उचलला, आत बाटलीची काच होती, तळव्याला ४ टाके पडले. तेव्हापासून काचेसाठी पत्र्याचा डबा वेगळा नेतो आणि पानांच्या ढिगात हात घालतच नाही, आधी काठीनी पसरवतो. सुई, सिरिंज दिसली तर कोणीही हात लावायचा नाही, फोटो काढून महापालिकेच्या इंदौर ३११ ॲपवर टाका. नाल्यात उतरायचं नाही, कितीही मोह झाला तरी. मुलांना बागेच्या आतला भाग द्या, रस्त्याची कड मोठ्यांनी करा.

पोतं भरलं की लगेच बांधू नका, सावलीत पसरून ५ मिनिटं बघा काय जास्त आहे. आमच्याकडे सलग तीन रविवार एकाच टपरीसमोर पुड्या सापडत होत्या. टपरीवाल्या भियांशी भांडलो नाही, रिकामा तेलाचा १५ किलोचा डबा धुवून, वरचं झाकण कापून, धार ठोकून त्यांना दिला आणि रोज रात्री सुक्या कचऱ्यात रिकामा करा म्हणालो. आता तिथे पोतं नाही, मूठभर निघतं.

घरी आल्यावर मोजे आणि चिमटे साबणाच्या पाण्यातून काढून गच्चीत उन्हात टाका, हात कोपरापर्यंत धुवा, मगच पोहे-जलेबीला हात लावा.