हेगमधली कारकुनी

मी हेगला काही महिने काम केलंय असं म्हटलं की पुण्यात हमखास दोन प्रश्न येतात. एक, "कुलभूषण जाधवांची केस चालली तेच ना कोर्ट?" आणि दुसरा, जरा दबकत, "आयसीसी म्हणजे पवारसाहेब अध्यक्ष होते ती?" दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. ती क्रिकेटवाल्यांची, तिचं ऑफिस दुबईत. पहिल्या प्रश्नाला मात्र समोर बसवून सांगावं लागतं. "मला वॉर क्राइम्समध्ये करिअर करायचंय" म्हणत दर वर्षी लॉच्या शेवटच्या वर्षाची चार-पाच मुलं घरी येतात, त्यांतल्या निम्म्यांनाही. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

जाधवांचं प्रकरण चाललं ते आंतरराष्ट्रीय न्यायालयात, पीस पॅलेसच्या इमारतीत. तिथे देश देशाविरुद्ध उभा राहतो. हरीश साळवे भारतातर्फे बोलले, समोर पाकिस्तान होता. तिथे कुणाला तुरुंगात टाकत नाहीत. माणसांवर खटले चालवतं ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, म्हणजे आपली खरी आयसीसी. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण एवढे चारच विषय तिच्या कक्षेत येतात. १९९८ साली रोममध्ये तिच्या करारावर मतदान झालं, १२० बाजूने, ७ विरुद्ध, २१ तटस्थ. त्या एकविसांत भारत होता, आणि आजही आपण सदस्य नाही. ही गोष्ट नुसती सामान्यज्ञानाची नाही. सदस्य देशाचा नागरिक नसेल तर तिथे न्यायाधीश होता येत नाही आणि नोकरभरतीतही प्राधान्य सदस्य देशांनाच असतं. अर्ज करण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

मी या दोन्ही ठिकाणी नव्हते. मी होते तिसऱ्याच ठिकाणी, माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणात. तो देश फुटून बॉस्निया, सर्बिया, क्रोएशिया वगैरे वेगळे होताना जी युद्धं झाली, त्यांतल्या गुन्ह्यांसाठीचं ते कोर्ट. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९९३ मध्ये ते नेमलं, त्याने १६१ जणांवर आरोप ठेवले आणि २०१७ च्या ३१ डिसेंबरला ते बंद झालं. मी गेले २०१४ मध्ये, लायडनला एलएलएम करता करता. लायडनहून हेगला रेल्वेने पाव तास, कर्जाचे हप्ते मात्र सात वर्षं. इंटर्नला तिथे पगार नव्हता. कुठल्या खटल्यावर काम केलं ते सांगत नाही, तसं लिहून दिलंय. खाली जे सांगतेय त्याची सगळी माहिती जाहीर निकालपत्रांत आहे.

डोक्यात काय होतं? काळे झगे, काचेपलीकडे आरोपी, कानाला हेडफोन. ते सगळं आहेच. बॉस्नियन सर्बांचे युद्धकाळातले नेते कराजिच यांनी स्वतःच स्वतःची बाजू मांडलेला समारोप मी प्रेक्षक कक्षात बसून ऐकला. पण ते दोन दुपारी. उरलेले पाच महिने मी तक्ते भरले.

पहिल्याच आठवड्यात हाती आला तो स्रेब्रेनित्साचा. जुलै १९९५ मध्ये बॉस्नियन सर्ब सैन्याने ते गाव घेतलं आणि थोड्याच दिवसांत सुमारे आठ हजार बॉस्नियन मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. मोठमोठ्या खड्ड्यांत पुरले. दोनेक महिन्यांनी, बाहेर बोभाटा व्हायला लागल्यावर, तेच खड्डे यंत्रांनी उकरून प्रेतं दूरदूरच्या नव्या खड्ड्यांत हलवली. त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी सापडतात. तक्त्यात प्रत्येक माणसाची एक ओळ होती. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मसाल, गाव, शेवटचा कुठे दिसला, अवशेष कुठे मिळाले, डीएनए अहवालाचा क्रमांक.

तिसऱ्या दिवशी मी एक ओळ उडवली. तेच नाव, तेच आडनाव, तेच गाव, जन्मसालात एका वर्षाचा फरक. मला वाटलं टायपिंगची चूक, नोंद दुबार झालीय. माझं काम तपासणाऱ्या बाईंनी पान परत पाठवलं, समासात पेन्सिलीने एकच शब्द, "वडील?"

बॉस्नियातल्या याद्यांत वडिलांचं नाव मधे कंसात लिहितात. मी ते वाचलंच नव्हतं. दोन्ही ओळींत ते वेगळं होतं. दोघं चुलतभाऊ असावेत.

आता यात खरी लाज कशाची, तर मी मराठी मुलगी. माझ्या स्वतःच्या पासपोर्टवर बाबांचं नाव मधे आहे. आणि बाबा शिवाजीनगर कोर्टात शिरस्तेदार होते. त्यांच्या टेबलासमोर एकेका दिवशी तीन-तीन संजय शिंदे उभे असायचे. बापाचं नाव नसलेला कागद घ्यायचा नाही, हे वाक्य आमच्या घरात शुभंकरोतीइतक्यांदा ऐकलेलं. आणि मी हेगला जाऊन नेमकं तेच विसरले. एक ओळ उडाली असती म्हणजे एक माणूस मेलाच नसता, निदान कागदावर.

त्या संध्याकाळी अख्खा तक्ता पहिल्यापासून बोट ठेवून वाचला. मग दिसायला लागलं. कंसातलं जे नाव, तेच दोन ओळी वर स्वतंत्र माणूस म्हणून आहे. बाप. त्याच्या खाली तीन मुलगे. धाकट्याचं जन्मसाल १९७९.

मुलांना सांगते ते हेच, की या कोर्टाचं पोट कारकुनीवर भरतं. स्रेब्रेनित्साच्या आकड्यावर बचाव पक्षाने घेतलेला आक्षेप पाहा. हे लोक मेले नाहीत, परदेशात पळालेत, असं म्हटलं गेलं. त्यावर सरकार पक्षाच्या लोकसंख्यातज्ज्ञांनी काय केलं? रेड क्रॉसची बेपत्ता लोकांची यादी घेतली, १९९१ ची जनगणना घेतली, १९९७-९८ च्या मतदारयाद्या घेतल्या, आणि यादीतलं कुणी नंतर मतदार म्हणून उगवलंय का ते नावानिशी ताडून पाहिलं. त्यातून २००० च्या अहवालात किमान ७,४७५ हा आकडा उभा राहिला. आपल्याकडे मतदारयादीत मेलेली माणसं जिवंत असतात हा विनोदाचा विषय. तिथे तीच यादी पुरावा होती.

आणि लोक मारले गेले हे सिद्ध करणं तुलनेने सोपं. खरा घाम फुटतो तो पुढे, शंभर मैलांवर बसलेल्या जनरलपर्यंत धागा नेताना. लेखी हुकूम सहसा मिळत नाही. मग रोजचे सैन्याचे अहवाल, डिझेलच्या मागण्या, वाहनांच्या नोंदी, विमानातून काढलेले जमिनीचे फोटो. युद्धातल्या समोरच्या बाजूच्या, म्हणजे बॉस्नियन सैन्याच्या, रेडिओवाल्यांनी चोरून ऐकलेली संभाषणंही होती, त्यांनी ती ऐकता ऐकता वह्यांत हाताने उतरवलेली. कोर्टात प्रश्न कोणते? वही कुणाची, अक्षर कुणाचं, तारीख कधी घातली, मधल्या काळात वही कुणाच्या ताब्यात होती. शिवाजीनगरला मुद्देमालावरून होणारी उलटतपासणी ज्याने ऐकलीय त्याला यात काहीच नवं वाटणार नाही. पंचनाम्यावर सही आहे पण पंच जागेवर होते का, सील कधी लावलं, हेच ते.

म्हणून माझा पहिला सल्ला मुलांना आवडत नाही. पदवी घेतल्या घेतल्या परदेशी अर्ज करू नका. दोन वर्षं फौजदारी वकिलाकडे ज्युनियर राहा, तारखा घ्या, दोषारोपपत्राच्या गठ्ठ्यातली सगळी पानं वाचा, फितूर झालेला साक्षीदार एकदा तरी डोळ्यांनी बघा. मूट कोर्टात, म्हणजे कॉलेजांच्या लुटुपुटीच्या खटल्यांत, बक्षीस मिळवलेली मुलं तिथे ढिगाने येतात. कागद वाचणारी कमी.

भाषेचं सांगते. आयसीसीच्या कामकाजाच्या भाषा दोन, इंग्रजी आणि फ्रेंच. फ्रेंच नसेल तर निम्मी दारं बंद. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा आलियाँस फ्रान्सेजमध्ये दुसऱ्या वर्षापासूनच जायला लागा, शेवटच्या सहामाहीत नको. आमच्याकडे तिसरी भाषा होती ती बॉस्नियन-क्रोएशियन-सर्बियन. ती मला येत नव्हती, पण कान लावून बसलं की मजा यायची. दुकानाला दुचान, साबणाला सापून, साखरेला शेचेर. तुर्कांनी तिकडे नेलेले शब्द आणि आपल्याकडे त्याच वाटांनी आलेले शब्द असे अचानक हेडफोनमध्ये भेटायचे. एक शब्द मात्र नकोसा झाला, कोमशिया. म्हणजे शेजारी. घरातून बाहेर काढायला कोण आलं होतं असं वकील विचारायचे आणि दुभाषा बोलायच्या आधीच मला उत्तर कळलेलं असायचं.

दुभाष्यांवर वेगळं लिहायला हवं. काचेच्या खोलीत दोघं-तिघं आळीपाळीने बसतात, अर्ध्या तासाने माणूस बदलतो. वकील भरभर बोलायला लागला की न्यायाधीश त्याला थांबवतात. पुण्यातला वकील तिथे पहिल्या दिवशी चारदा ओरडा खाईल.

कॉम्प्युटरवाल्यांनी हे क्षेत्र आपलं नाही असं समजू नये. आता पुरावा म्हणजे मोबाइलवरचे व्हिडिओ, तेही हजारोंनी. सावलीवरून वेळ काढणं, एकच व्हिडिओ दहा ठिकाणी आलाय का ते शोधणं, मूळ फाइल बदललेली नाही हे दाखवणं, याला हिंजवडीतली डोकी लागतात. त्याशिवाय अभिलेखपाल, न्यायवैद्यक, अनुवादक, लष्करी विश्लेषक. काळा झगा घालणारे मोजकेच.

जागा कुठे? आमचं न्यायाधिकरण संपलं, त्याचं उरलेलं काम एका छोट्या यंत्रणेकडे गेलं. पण सीरिया आणि म्यानमारमधल्या गुन्ह्यांचे पुरावे गोळा करून ठेवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हात दोन यंत्रणा नेमल्यात. संयुक्त राष्ट्रांचे आपण सदस्य आहोत, तेव्हा आयसीसीतली ती अडचण तिथे नाही. माझ्या मते आज मराठी मुलांनी आधी तिकडे बघावं. पैशाचं गणित मात्र जाण्यापूर्वी घरी बसून मांडा. हेगमध्ये राहणं महाग आहे. सुरिनाममधून तिकडे आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांमुळे बाजारात मिरच्या, कारली, दुधी सगळं मिळतं, एवढाच दिलासा.

मनाचं कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. तिथे असताना मला काहीच झालं नाही. जेवायचे, झोपायचे, शनिवारी समुद्रावर जायचे. परत आल्यावर पावसाळ्यात आमच्या गल्लीत ड्रेनेजसाठी खड्डा घेतला. जेसीबीच्या बकेटचे दात ओल्या मातीच्या भिंतीवर उमटले होते, एकसारखे, खालपर्यंत. तज्ज्ञांच्या अहवालांत तशाच खुणांवरून खड्डा यंत्राने उकरला हे ठरवलेलं मी वाचलं होतं. दुधाची पिशवी हातात धरून मी तिथे किती वेळ उभी होते मला आठवत नाही. समोरच्या काकूंनी हाक मारली. यावर कुणाशी तरी बोलायची सोय आधीच करून ठेवा. मी केली नव्हती.

भेटायला यायचं असेल तर एक काम करून या. न्यायाधिकरणाची जाहीर सुनावणी शब्दन् शब्द नेटवर आहे, फुकट. कुठल्याही खटल्यातला एक दिवस, एक साक्षीदार घ्या. त्याने स्वतः पाहिलेलं, दुसऱ्याकडून ऐकलेलं आणि नुसतं वाटलेलं, असे तीन रकाने करून एका पानात मांडा. प्रत्येक नोंदीपुढे पान आणि ओळ क्रमांक. शनिवारी चारनंतर मी घरी असते. छापून आणा, मोबाइलवर दाखवू नका. मला पेन्सिल चालवायची असते.