कौटुंबिक प्रतिष्ठानाने मदतीचे क्षेत्र कसे निवडावे

कुटुंबाने संपत्तीचा एक भाग बाजूला काढून प्रतिष्ठान स्थापन केले, नोंदणी झाली, विश्वस्त नेमले गेले, की वर्षभरातच अर्ज येऊ लागतात. कुणाला शाळेची अर्धवट राहिलेली इमारत पूर्ण करायची असते, कुणाला रुग्णवाहिका हवी असते, कुणी आटलेल्या नदीचा आराखडा घेऊन येते, आणि बरेचदा सोबत ओळखीच्या माणसाचा शब्द असतो. यातली बहुतेक कामे चांगलीच असतात आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण वाईट कामाला नकार द्यायला धोरण लागत नाही, चांगल्या कामाला नकार द्यायला मात्र लागते. क्षेत्र आधी ठरलेले नसेल, तर जो आधी आला, ज्याची ओळख जवळची होती किंवा ज्याला मागणी छान मांडता आली, त्याच्याकडे पैसा जातो. दहा वर्षांनी हिशेब पाहिला की साठ-सत्तर ठिकाणी थोडे थोडे दिलेले दिसते, पण त्यामुळे कुठे काय बदलले हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून क्षेत्राची निवड पहिला अर्ज उघडण्याआधी करावी, अर्ज वाचता वाचता करू नये.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. स्थापनेच्या दस्तऐवजात उद्दिष्टे कोणत्या शब्दांत लिहिली आहेत, कायद्याने कोणत्या कामाला पैसा देता येतो, परदेशी संस्थेला किंवा व्यक्तीला थेट मदत देता येते का, हे सल्लागाराकडून एकदा नीट समजून घ्यावे. त्यानंतर दरवर्षी खर्चाला प्रत्यक्षात किती रक्कम मिळणार याचा आकडा काढावा. काही देशांत ही किमान मर्यादा कायदाच घालतो. अमेरिकेत खासगी प्रतिष्ठानाला दरवर्षी आपल्या गुंतवणुकीच्या साधारण ५ टक्के रक्कम खर्च करावी लागते. याच टप्प्यावर आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो : मूळ निधी कायम राखायचा, की ठरावीक मुदतीत संपवायचा? अमेरिकी व्यापारी ज्यूलियस रोझेनवाल्ड यांनी आपला निधी आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांच्या आत संपवावा अशी अट घातली होती. ते १९३२ मध्ये वारले आणि निधीचे काम १९४८ मध्येच बंद झाले. अमेरिकी उद्योजक चक फीनी यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या अटलांटिक फिलान्थ्रॉपीज या संस्थेने सुमारे ८०० कोटी डॉलर वाटून २०२० मध्ये कायमचे दार लावले. या निर्णयाचा क्षेत्राच्या निवडीशी थेट संबंध आहे. मुदतबंद निधी एखाद्या कामात एकदम मोठी रक्कम ओतू शकतो, तर कायम निधी वीस-तीस वर्षे धीराने एका प्रश्नापाशी बसू शकतो.

घरातली बैठक

या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा असे माझे ठाम मत आहे, आणि बहुतेक कुटुंबे नेमका इथेच वेळ वाचवतात. ज्येष्ठ व्यक्ती एक क्षेत्र सुचवते, बाकीचे माना डोलावतात आणि अर्ध्या तासात ठराव होतो. असा ठराव ती व्यक्ती हयात असेपर्यंत टिकतो. पुढच्या पिढीला त्या कामात आपले काही वाटत नाही आणि प्रतिष्ठान हळूहळू धनादेशांवर सह्या करण्यापुरते उरते.

याऐवजी बैठकीच्या आठवडाभर आधी प्रत्येक सदस्याने, विवाहाने घरात आलेल्यांनी आणि जाणत्या मुलांनीही, एकट्याने बसून तीन गोष्टी लिहाव्यात. आपल्या आयुष्यातला कोणता प्रसंग अजून मनातून जात नाही, कोणत्या लोकांचे हाल पाहून स्वस्थ बसवत नाही, आणि कोणत्या कामाला आपला पैसा जाऊ नये असे वाटते. बैठकीत हे कागद मोठ्याने वाचावेत आणि ज्येष्ठांनी सर्वांत शेवटी बोलावे.

समजा, एका घरातील आजी दीर्घ आजाराने गेल्या आणि म्हणून रुग्णालयाला देणगी द्यावी असे सगळ्यांनीच गृहीत धरले आहे. कागद वाचताना कळते की सुनेने इमारतीबद्दल किंवा यंत्रांबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही. तिने लिहिले आहे की त्या दोन वर्षांत रात्री कुणाला फोन करून विचारावे हे कळत नव्हते, रुग्णाला कुशीवर कसे वळवायचे हे कुणी शिकवले नाही, आणि तिला स्वतःला सलग चार तास झोप मिळत नव्हती. या तीन ओळी वाचल्यावर कुटुंबापुढचा प्रश्न बदलतो. रुग्णालयांना देणगीदार मिळतात, पण घरी रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांकडे पाहणारे फार थोडे असतात. कुटुंबाचे दुःख तेच राहिले, त्यातून निघालेले क्षेत्र मात्र कितीतरी नेमके झाले. पहिल्या उत्तराखाली दडलेले हे दुसरे उत्तर सापडेपर्यंत बैठका घ्याव्यात, त्या तीन लागोत की सहा.

जिव्हाळा पुरेसा नाही

मनापासून वाटणारे दोन-तीन विषय हाती आले की प्रत्येक विषय कसाला लावावा. प्रश्न किती लोकांना आणि किती खोलवर भिडतो? त्यावरचा उपाय ठाऊक आहे का? सरकार किंवा इतर दाते तिथे आधीच पुरेसे करत आहेत का? आणि आपल्याएवढ्या रकमेने तिथे काही फरक पडेल का?

या प्रश्नांची उत्तरे एकत्र जुळून आली की काय होते, याचे एक जुने उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९०९ मध्ये तेल उद्योगपती जॉन डी. रॉकफेलर यांनी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या अंकुशकृमीच्या निर्मूलनासाठी १० लाख डॉलर दिले. हा कृमी अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतो, आतड्यात राहून रक्त शोषतो आणि माणूस पांढराफटक, सुस्त होतो. अशा माणसांना लोक आळशी समजत असत. रोगाचे कारण कळलेले होते, निदान सूक्ष्मदर्शकाखाली करता येत होते, औषध स्वस्त होते, तरीही त्याकडे कुणी गांभीर्याने पाहत नव्हते. म्हणजे प्रश्न मोठा, उपाय माहीत आणि जागा रिकामी. मोहिमेचे प्रमुख विक्लिफ रोझ यांनी राज्यांच्या आरोग्य खात्यांना सोबत घेतले, त्यामुळे मोहीम संपल्यावरही ती खाती पूर्वीपेक्षा बळकट राहिली. मात्र औषध घेऊन बरे झालेले लोक शौचालयांच्या अभावी त्याच मातीतून पुन्हा बाधित होत होते, त्यामुळे समूळ निर्मूलन काही झाले नाही. प्रश्नाचे मूळ नेमके कुठे आहे याचा शोध किती खोलवर घ्यावा लागतो, ते यावरून दिसते.

आपण दिलेले पुढे कोण चालवणार, हा प्रश्नही याच वेळी विचारावा. पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली. त्यासाठी गावाने जागा द्यावी आणि इमारतीच्या देणगीच्या १० टक्के रक्कम दरवर्षी देखभालीसाठी खर्च करावी, अशी त्यांची सर्वसाधारण अट असे. रोझेनवाल्ड यांच्या मदतीने अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे ५,००० शाळा बांधल्या गेल्या. तिथेही स्थानिक लोकांनी आणि सरकारी यंत्रणेने आपला वाटा उचलावा लागे. अशा अटींची एक दुखरी बाजूही आहे, आणि ती लपवू नये. ज्या वस्तीला वाटा उचलणे परवडतच नाही, ती मदतीबाहेर राहते. अट घालायची तर हा भार कुणावर पडतो ते आधी तपासावे.

हे सगळे घरात बसून कळत नाही. निदान सहा महिने त्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना आणि ज्यांच्यासाठी काम करायचे त्या लोकांना भेटण्यासाठी ठेवावेत. भेटीला एक-दोघांनीच जावे आणि सत्कार, हार-तुरे, भाषणे यांना आधीच नम्रपणे नकार कळवावा. संस्था पाहताना अहवाल वाचण्यापेक्षा हजेरीचे पुस्तक उघडावे आणि मधल्या पानांवरच्या नोंदी रोजच्या रोज, वेगवेगळ्या शाईने झालेल्या आहेत की एका बैठकीत भरलेल्या आहेत ते पाहावे. प्रमुखांसोबत बसून झाल्यावर कार्यकर्त्याशी स्वतंत्रपणे बोलावे आणि विचारावे, ‘पैशाअभावी गेल्या वर्षी तुम्ही कोणते काम सोडून दिले?’ या एका प्रश्नाच्या उत्तरातून त्या क्षेत्राची खरी गरज कळते. लोकांनी आपल्यासाठी दिवस मोडला असेल तर त्या वेळेचा मोबदलाही द्यावा.

लेखी वाक्य

‘शिक्षण’, ‘आरोग्य’, ‘पर्यावरण’ हे शब्द फार मोठे आहेत. त्यांच्या आधारे कोणताही अर्ज मंजूर करता येतो, म्हणजेच निवड झालेली नसते. कुणासाठी, कुठे, कोणता बदल आणि किती वर्षांत, ही चारही उत्तरे ज्यात आहेत असे एक वाक्य लिहावे. वर सांगितलेल्या कुटुंबाचे वाक्य असे होऊ शकेल : ‘आमच्या जिल्ह्यात घरी दीर्घ आजारी व्यक्तीची शुश्रूषा करणाऱ्यांना प्रशिक्षण, रात्रीचा सल्ला आणि महिन्यातून काही दिवस विश्रांती मिळावी, यासाठी आम्ही पुढील सात वर्षे मदत करू.’ त्याखाली आपण कशाला पैसा देणार नाही याची यादी जोडावी. मग गेल्या वर्षभरात आलेले दहा अर्ज एखाद्या त्रयस्थ व्यक्तीच्या हाती द्यावेत आणि केवळ या वाक्यावरून तिला ते निवडता येतात का ते पाहावे. तिचा निर्णय तुमच्यापेक्षा फार वेगळा आला, तर वाक्य अजून तयार झालेले नाही.

पहिल्या वर्षी तीन-चार संस्थांना छोट्या रकमा देऊन शिकावे आणि मोठी, अनेक वर्षांची मदत त्यानंतर जाहीर करावी. दर तीन वर्षांनी निवडीकडे पुन्हा पाहावे, मात्र दरवर्षी क्षेत्र बदलू नये, कारण त्यावर विसंबून माणसे नेमणाऱ्या संस्थांचे त्यात हाल होतात. चूक दिसली तर ती मान्य करावी. बिल गेट्स यांनी २००९ च्या आपल्या वार्षिक पत्रात लिहिले की त्यांच्या प्रतिष्ठानाने पैसा दिलेल्या अनेक छोट्या शाळांमध्ये विद्यार्थ्यांच्या शिक्षणात लक्षणीय सुधारणा झाली नाही. एवढ्या मोठ्या प्रतिष्ठानाने ते उघडपणे लिहिल्यामुळे त्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या इतरांनाही उपयोग झाला.

विश्वस्तांचे वैयक्तिक जिव्हाळे तरीही उरतातच. ते दडपले तर मागच्या दाराने येतात. म्हणून वार्षिक रकमेचा एक लहान, आधी ठरवलेला हिस्सा प्रत्येक विश्वस्ताच्या इच्छेसाठी राखून ठेवावा आणि मुख्य निधीला हात लावू देऊ नये. नात्यातल्या किंवा स्वतःच्या संस्थेचा अर्ज असेल तर त्या विश्वस्ताने चर्चेतून उठून जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी.

राहता राहिले नकाराचे पत्र. ते एका महिन्याच्या आत जावे, त्यावर विश्वस्ताची स्वतःची सही असावी, आणि त्यात आपले क्षेत्राचे वाक्य जसेच्या तसे लिहून हा अर्ज त्यात का बसत नाही ते दोन ओळींत सांगावे. त्या कामाला मदत करू शकेल अशी दुसरी संस्था माहीत असेल, तर तिचे नाव आणि पत्ता त्याच पत्रात द्यावा.