पुण्याहून अमेरिका किती तास? या चुका टाळा

काकांनी कोथरूडला जेवणाच्या टेबलावर वीजबिलाच्या पाठीमागे हिशोब मांडला. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे 12,500 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 900, म्हणजे 14 तास. काकूंनी तिकीट पाहिलं. सुटायची वेळ रात्री 1.30, पोहोचायची त्याच तारखेला सकाळी 7.30. “अहो, सहाच तास की!” दोघंही चुकले.

तिकिटावर वेळ त्या त्या गावची असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणून त्या सहात साडेनऊ मिळवा : साडेपंधरा. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग साडेदहा मिळवायचे. मार्चपर्यंत असंच.

काकांचा भागाकार का फसला? विमान सगळा वेळ 900 ने जात नाही. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणंही धरलेलं असतं. पण खरा खेळ वाऱ्याचा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यामुळे जातानापेक्षा येताना वेळ कमी लागतो. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे 15,300 किलोमीटर झालं आणि वेळ उलट कमी झाला! अंतरावरून वेळ काढणाऱ्यांनी हे उदाहरण फ्रिजवर चिकटवावं.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवूनही मोजू नका. पृथ्वीगोलावर दोरा ताणा. मुंबई-न्यूयॉर्कचा दोरा रशियावरून, आइसलँडच्या बाजूने जातो. वेबसाइटवर दिसतं ते हेच सर्वांत जवळचं अंतर. विमान तिथूनच जाईल असं नाही. 2019 मध्ये फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानचं आकाश बंद होतं, तेव्हा पश्चिमेकडची कितीतरी विमानं वळसा घालून गेली. आकड्यापुढचं एककही बघा : 12,540 किलोमीटर, 7,790 मैल आणि 6,770 नॉटिकल मैल हे एकच अंतर आहे.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. 15 तारखेची रात्री 1.30 म्हणजे 14 ची मध्यरात्र उलटल्यावर. 15 ला रात्री जेवूनखाऊन निघालात, तर विमान केव्हाच न्यूयॉर्कला उतरलेलं असेल. हसू नका, माझं झालंय. दुसरं तिकीट काढावं लागलं, आणि घरात तो विषय अजून निघतो.

लोहगावहून अमेरिकेला थेट विमान नाही, त्यामुळे मुंबईमार्गे जायचं तर आधी रस्त्याचे दीडशे किलोमीटर आले. तीन तासांत होतात, पण शुक्रवार संध्याकाळ असेल किंवा घाटात एखादा ट्रक आडवा झाला असेल, तर पाचही लागतात. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे 14 ला रात्री साडेदहाला पोहोचायचं. प्रवासाचे पाच तास आणि वर तासभर हाताशी धरून काकांना मी दुपारी साडेचारची गाडी ठरवायला सांगितली. काकूंनी दशम्या बांधायला घेतल्या आहेत.