रूट लोकस हाताने कसा काढायचा

कंट्रोल सिस्टिममध्ये गेन (संकेत किती पटीने वाढवायचा तो आकडा) बदलला की क्लोज्ड लूपचे, म्हणजे फीडबॅक जोडलेल्या सिस्टिमचे, पोल जागा सोडतात. ट्रान्सफर फंक्शन म्हणजे आउटपुट आणि इनपुट यांचे एस या संमिश्र चलातले गुणोत्तर; त्याचा छेद शून्य करणाऱ्या एसच्या किमती म्हणजे पोल, अंश शून्य करणाऱ्या म्हणजे झिरो. गेन के शून्यापासून अनंतापर्यंत वाढवत नेल्यावर ते ज्या वाटांनी सरकतात, त्या वाटा म्हणजे रूट लोकस. वॉल्टर इव्हान्स यांनी ही पद्धत १९४८ मध्ये मांडली. आज सॉफ्टवेअर आलेख लगेच काढून देते, तरी कच्ची आकृती आधी हाताने काढावीच. ट्रान्सफर फंक्शन भरताना झालेली चूक तिच्यामुळेच पकडता येते.

उदाहरण घेऊ: ओपन लूप (फीडबॅक जोडण्याआधीचे) फंक्शन के / [एस(एस+२)(एस+४)], युनिटी निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुट जसेच्या तसे इनपुटमधून वजा).

पोल ०, −२ आणि −४ वर फुलीने दाखवा. झिरो असते तर ते गोलाने दाखवले असते. दोन्ही अक्षांचे प्रमाण सारखेच ठेवा, नाहीतर पुढे कोन मोजताना सगळे बिघडते. वास्तव अक्षावरच्या ज्या बिंदूच्या उजवीकडे पोल आणि झिरो मिळून विषम संख्येने असतील, तो बिंदू लोकसवर येतो. इथे ० ते −२ हा भाग आणि −४ च्या डावीकडचा सगळा भाग.

पोल तीन, झिरो एकही नाही, म्हणून तीन शाखा अनंताकडे जातात. त्यांचे असिम्प्टोट (दूरवर शाखा ज्यांना चिकटत जातात त्या सरळ रेषा) (०−२−४)/३ = −२ या बिंदूतून ६०, १८० आणि ३०० अंशांवर निघतात.

ब्रेकअवे पॉइंटसाठी (जिथे शाखा वास्तव अक्ष सोडतात तो बिंदू) के = −(एस³+६एस²+८एस) याचे अवकलन शून्य करा. ३एस²+१२एस+८ = ० यातून −०.८५ आणि −३.१५ मिळतात. −३.१५ लोकसवर नाही, म्हणून सोडून द्या. ही तपासणी न करता दोन्ही उत्तरे आकृतीत घालणे ही नेहमीची चूक. −०.८५ वर के सुमारे ३.१ असतो.

काल्पनिक अक्ष कुठे छेदला जातो ते राउथ सारणीवरून (समीकरणाच्या गुणकांवरून स्थिरता तपासणारा तक्ता) काढा: के = ४८, वारंवारता √८, म्हणजे २.८३ रेडियन प्रतिसेकंद. त्यापुढे पोल या अक्षाच्या उजवीकडे जातात आणि सिस्टिम अस्थिर.

आता खरे काम, गेन निवडण्याचे. डॅम्पिंग रेशो (आंदोलने किती लवकर विरतात याचे माप) ०.५ हवा असेल तर ऋण वास्तव अक्षाशी ६० अंश करणारी रेषा उगमबिंदूतून काढा. ती लोकसला −०.६७ + जे१.१५ वर छेदते. तिथून तिन्ही पोलपर्यंतची अंतरे १.३३, १.७६ आणि ३.५३, त्यांचा गुणाकार ८.३, तोच के. तिसरा पोल −४.६७ वर, म्हणजे काल्पनिक अक्षापासून या जोडीच्या सातपट दूर. म्हणून दोन पोलांवरून बांधलेला अंदाज इथे चालतो: ओव्हरशूट (आउटपुट अंतिम किमतीच्या जितके वर जाते ते) १६ टक्क्यांच्या आसपास, सेटलिंग टाइम (आउटपुट स्थिरावायला लागणारा वेळ) सुमारे ६ सेकंद. तिसरा पोल जवळ असता, किंवा एखादा झिरो शेजारी असता, तर या आकड्यांवर विसंबू नका. स्टेप रिस्पॉन्स (इनपुट एकदम बदलल्यावर आउटपुट कसे बदलते तो आलेख) काढून पाहा.

फंक्शन के / [एस(०.५एस+१)(०.२५एस+१)] असे लिहिले असेल तर हाच के १.०४ येतो, कारण छेदातून ८ बाहेर पडतात. कंट्रोलरमध्ये गेन भरण्याआधी आपण कोणते रूप वापरले ते तपासा. चुकून ८.३ भरलात तर मूळ रूपातला के ६६ होतो आणि सिस्टिम थेट अस्थिर होते.