सम धरायला शिका, बाकीचे शब्द मागून येतील

डिसेंबर जवळ आला की पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व या शास्त्रीय संगीत महोत्सवाच्या तिकिटांची बोलणी सुरू होतात. सोबत ठरलेली कबुलीही येते: ‘गाणं आवडतं हो, पण त्यातलं कळत काही नाही.’ मग राग, लय, आलाप यांच्या व्याख्या पाठ करणं सुरू होतं. त्या राहू द्या. सुरुवात हाताच्या बोटांपासून करा.

मात्रा हे मोजायचं एकक. मात्रा समान अंतराने चालतात, ती लय. संथ असेल तर विलंबित, मग मध्य, जलद ती द्रुत. ठरावीक मात्रांचं चक्र म्हणजे ताल, चक्राची एक फेरी म्हणजे आवर्तन आणि आवर्तनाची पहिली मात्रा म्हणजे सम. लय वाढली म्हणजे ताल बदलला असं नव्हे. तीनताल कितीही पळवला तरी मात्रा १६च.

मध्य लयीतला तीनताल लावा. करंगळीपासून अंगठ्याने मोजा: प्रत्येक बोटाची तीन पेरं आणि टोक अशा चार जागा, चार बोटांच्या सोळा. एक बोट म्हणजे एक विभाग. तबल्याचे बोल असे:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

१, ५ आणि १३ या मात्रांवर टाळी, ९ वर खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता उघडायचा. नवखा माणूस इथे हमखास चुकतो, कारण खालीच्या ‘धा’लाही डग्गा (तबल्याच्या जोडीतलं घुमणारं वाद्य) वाजतोच. डग्ग्याचा घुमारा बंद होतो तो दहाव्या मात्रेला आणि परततो चौदाव्याला. म्हणून घुमारा परतला की १४, १५, १६ मोजा. पुढचा ठोका समेचा. चार-पाच आवर्तनं हे जमलं की मोजावं लागत नाही.

दुसरी चूक म्हणजे गाणं सुरू झालं तीच सम समजणं. बंदिशीचा, म्हणजे तालात बांधलेल्या गीताचा, मुखडा (सुरुवातीचा तुकडा) बहुधा समेच्या आधीच उठतो. तीनतालातले कित्येक छोटे ख्याल (मध्य किंवा द्रुत लयीतल्या बंदिशी) खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून सुरू होतात आणि समेवर येऊन बसतात.

बडा ख्याल बरेचदा विलंबित एकतालात असतो: १२ मात्रा, म्हणजे बोटांची टोकं सोडून नुसती पेरं. इथे एका आवर्तनाला मिनिटभरही लागू शकतं, मग मोजणी सुटतेच. अशा वेळी ‘तिरकिट’ची वाट पाहा. ते आवर्तनात दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. त्यानंतर कोरडं ‘तू ना’ आलं तर अजून बराच पल्ला आहे. घुमारदार ‘धी ना’ आलं तर त्या दोन मात्रा संपल्या की सम. (सात मात्रांच्या रूपकात मात्र सम हीच खाली असते. तो ताल पहिल्या आठवड्यात नकोच.)

आता सूर. सात शुद्ध स्वर, रे ग ध नी हे चार कोमल आणि एक तीव्र म, असे १२. कोमल म्हणजे हळुवार गायलेला स्वर नव्हे, शुद्धापेक्षा खालचा. सा कुठे धरायचा ते पट्टी ठरवते. काळी एक पट्टी म्हणजे पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा. पांढरी एक म्हणजेच सा, असं धरून चाललात तर बाकीचे सगळे स्वर चुकीचे ऐकू येतील. तानपुऱ्याच्या चार तारा सहसा प सा सा सा अशा लावतात; मालकंसात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमाला. तारेखाली सरकवलेला दोरा जवारीसाठी, म्हणजे तारेच्या गुंजणाऱ्या नादासाठी असतो. तो केसभर हलला तरी नाद मिटतो, म्हणून कलाकार वाद्य लावायला वेळ घेतात. तेवढ्यात चहाला उठू नका.

राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, याचा पुरावा घरबसल्या मिळतो. भूप आणि देशकार, दोन्हींत सा रे ग प ध एवढेच पाच स्वर. भूपात गंधार (ग) वादी, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा स्वर, आणि धैवत (ध) संवादी, म्हणजे त्याखालोखालचा, देशकारात नेमकं उलट. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. दोन्ही लागोपाठ ऐका आणि गायक कुठे मुक्काम करतो तेवढंच पाहा.

उरलेले शब्द ऐकतानाच कळतात. स्थायी आणि अंतरा हे बंदिशीचे दोन भाग. अंतरा तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, गाठतो. संथ विस्तार तो आलाप, वेगाने स्वरांची माळ ती तान, तीच बंदिशीच्या शब्दांत घेतली की बोलतान. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं म्हणजे मींड. आणि एकच तुकडा तीनदा घेऊन तिसऱ्याचा शेवट समेवर आणला की तिहाई. मांडवात दुसऱ्या तुकड्यालाच ‘वाहवा’ म्हणून मोकळे होणारे शेजारी भेटतील. तुमचं बोट मात्र त्या वेळी समेच्या पेरावर पोचलेलं नसेल.