अमेरिकेतील हायस्कूल जलतरण: जुन्या नियमांच्या भरवशावर होणाऱ्या या चुका टाळा

शर्यत चालू असताना तलावाच्या काठावरून चालणाऱ्या पंचाचा उघडा पंजा डोक्यावर सरळ वर गेला, की प्रेक्षकांत बसलेल्या जाणत्या पालकांच्या पोटात गोळा येतो, कारण कोणत्या तरी लेनमधला पोहणारा अपात्र ठरणार हे त्या हाताने जाहीर झालेले असते. वेळ नोंदवणारी स्वयंसेवक म्हणून लेनच्या टोकाशी स्टॉपवॉच घेऊन उभी राहताना मी असे प्रसंग अनेकदा पाहिले आहेत, आणि त्या मुलांशी नंतर बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानी आली: ज्या नियमाने त्यांचा घात केला तो त्यांना माहीत होता, फक्त तो मागच्या कोणत्या तरी वर्षाचा किंवा वेगळ्याच संघटनेचा होता.

म्हणून सर्वांत मोठी चूक पाण्याबाहेर, नियमपुस्तकाच्या निवडीतच होते. हायस्कूलच्या स्पर्धांचे नियम ‘नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स’, म्हणजेच एनएफएचएस, ही १९२० साली स्थापन झालेली आणि इंडियानापोलिसमध्ये मुख्यालय असलेली संस्था लिहिते. पन्नास राज्ये आणि डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया अशा ५१ संघटना तिच्या सदस्य आहेत; तिची नियम समिती पुढच्या शालेय वर्षासाठीचे बदल ठरवते आणि प्रत्येक राज्याची संघटना ते आपल्याकडे लागू करते. तेच मूल क्लबतर्फे पोहते तेव्हा यूएसए स्विमिंगचे पुस्तक लागू होते, महाविद्यालयात गेल्यावर एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचे, आणि पुण्यामुंबईच्या तलावांत शिकून आलेल्या मुलाच्या अंगवळणी पडलेले असतात ते आंतरराष्ट्रीय संघटनेचे, म्हणजे पूर्वीच्या फिनाचे आणि आताच्या वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सचे नियम. ही पुस्तके एकमेकांच्या मागोमाग चालतात, पण एकाच दिवशी बदलत नाहीत, आणि या मधल्या काळातच मुले सापडतात.

त्यात हंगामाचा घोळ वेगळाच आहे. मिशिगनमध्ये मुलींचा हंगाम शरद ऋतूत आणि मुलांचा हिवाळ्यात असतो, न्यू जर्सीत तो हिवाळ्यात येतो, तर कॅलिफोर्नियात वसंतात. त्यामुळे एकाच पुस्तकाची पहिली परीक्षा मिशिगनच्या मुली देतात आणि कॅलिफोर्नियाच्या मुलांपर्यंत ते पोहोचेस्तोवर पुढच्या वर्षीच्या बदलांची चर्चा सुरू झालेली असते. दुसऱ्या राज्यातल्या मावसभावाने पाठवलेली पीडीएफ फाइल किंवा मोठ्या बहिणीच्या काळातली वही यांवर म्हणूनच विसंबू नये. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे शालेय वर्ष आधी पाहावे, आणि त्यानंतर आपल्या राज्याच्या संघटनेने त्या वर्षासाठी काढलेले सूचनापत्रक वाचावे.

आता पाण्याकडे वळू. भारतातून किंवा मीटरच्या तलावातून आलेल्या मुलांना पहिला धक्का बसतो तो यार्डांचा. बहुतेक शाळांच्या स्पर्धा २५ यार्डांच्या, म्हणजे २२.८६ मीटरच्या तलावात होतात. बॅकस्ट्रोक पोहणाऱ्याला भिंत जवळ आल्याचे कळावे म्हणून तलावावर आडव्या टांगलेल्या पताका मीटरच्या तलावात भिंतीपासून ५ मीटरवर असतात आणि यार्डाच्या तलावात ५ यार्डांवर, म्हणजे साधारण ४.५७ मीटरवर. हा ४३ सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण पताका दिसल्यापासून मारलेले हात मोजत भिंतीकडे येणाऱ्या मुलीला तो अर्ध्या हाताचा पडतो, आणि अर्धा हात कमी किंवा जास्त झाला की वळण बिघडते. तलाव बदलला की पताकांपासून भिंतीपर्यंतचे हात सरावाच्या वेळी नव्याने मोजून घेणे, एवढाच यावरचा उपाय आहे, आणि तो शर्यतीच्या दिवशी सकाळी दहा मिनिटांत करता येतो.

यार्डाच्या तलावातला दुसरा सापळा पंधरा मीटरच्या खुणेचा आहे. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये बॅकस्ट्रोकचे पोहणारे पहिल्या लांबीचे निम्म्याहून अधिक अंतर पाण्याखालून कापू लागल्यावर या प्रकाराला मर्यादा घालण्यात आली. ती पुढे १५ मीटरवर स्थिरावली आणि १९९८मध्ये बटरफ्लाय आणि फ्रीस्टाइललाही लागू झाली. हायस्कूलमध्येही हीच मर्यादा आहे: सुरुवातीनंतर आणि प्रत्येक वळणानंतर डोके १५ मीटरच्या, म्हणजे १६.४ यार्डांच्या खुणेपर्यंत पाण्याबाहेर आले पाहिजे. खुणा दोन्ही भिंतींपासून मोजलेल्या असतात. त्यामुळे २२.८६ मीटरच्या तलावात समोरच्या भिंतीसाठीची खूण आपल्या भिंतीपासून अवघ्या ७.८६ मीटरवर येते, आणि पाण्याखालून जाणाऱ्या मुलाला आपल्या खुणेच्या आधी दुसऱ्याची खूण भेटते. ती पाहून कोणी घाबरून लवकर वर येतो आणि लाथेचा सगळा फायदा गमावतो. उलट एकदा फसलेला मुलगा पुढच्या वेळी खुणा मोजण्यात चुकला तर मर्यादा ओलांडून बसतो. खुणांकडे पाहण्यापेक्षा पाण्याखालच्या लाथा मोजाव्यात आणि किती लाथांत किती अंतर जाते हे सरावात कोणाकडून तरी काठावरून बघून घ्यावे. ब्रेस्टस्ट्रोकला ही खूण लागू नाही. तिथे दुसऱ्या हातओढीत हात सर्वांत रुंद होऊन आत वळण्यापूर्वी डोके वर आले पाहिजे, असा वेगळा नियम आहे.

बॅकस्ट्रोकच्या वळणावर होणारी चूक मात्र जुनीच आहे. खांदा उभ्या रेषेपलीकडे वळून मूल पोटावर आले, की तिथून हाताची एक सलग ओढ आणि लगेच कोलांटी, एवढेच करता येते. भिंत अजून दूर आहे असे पाहून पोटावर तरंगत राहिले किंवा एखादी जादा लाथ मारली, की पंच ते लिहून घेतो. शेवटाबाबत मात्र खरोखरच नियम बदलला आहे. पूर्वी भिंतीला हात लागेपर्यंत शरीराचा काही भाग पाण्यावर असणे बंधनकारक होते. २०२३मध्ये वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सने शेवटच्या भिंतीआधी डोके पाच मीटरची खूण ओलांडून गेल्यावर पूर्ण बुडण्याची मुभा दिली. ऑलिंपिकमधल्या खेळाडूंची दृश्ये पाहून मुले ही बुडी शिकतात आणि आपल्या पुस्तकात त्या हंगामाला काय लिहिले आहे हे न तपासता शाळेच्या शर्यतीत वापरतात. आपल्या पुस्तकातील बॅकस्ट्रोकच्या समाप्तीचे कलम प्रशिक्षकाने संघासमोर मोठ्याने वाचून दाखवावे, असे माझे मत आहे, कारण यात शिकवणाऱ्या मोठ्यांचाही गोंधळ होताना मी पाहिला आहे.

ब्रेस्टस्ट्रोकमधली एकच डॉल्फिन लाथ, म्हणजे दोन्ही पाय जोडून वरखाली मारलेली लाथ, हे नियमबदलाचे सर्वांत बोलके उदाहरण ठरावे. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जपानच्या कोसुके किताजिमाने पाण्याखाली अशी लाथ मारल्याचा आरोप झाला आणि मोठा वाद माजला; पुढच्याच वर्षी, २००५मध्ये, फिनाने सुरुवातीनंतर आणि प्रत्येक वळणानंतर एका लाथेला परवानगी दिली, पण ती हातांच्या ओढीबरोबरच असायला हवी होती. २०१४च्या अखेरीस ही अटही सैल झाली आणि पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक लाथेच्या आधी कधीही ती मारता येऊ लागली. हायस्कूलच्या पुस्तकानेही पुढे हीच वाट धरली. म्हणजे तीन पिढ्यांच्या प्रशिक्षकांनी तीन वेगळे नियम शिकवले आहेत. ज्यांच्या मनात अजून २००५चाच नियम आहे ते मुलांना विनाकारण अडवतात, आणि ज्यांनी ‘आता कधीही चालते’ एवढेच अर्धवट ऐकले आहे त्यांची मुले दोन लाथा मारून अपात्र ठरतात. घाईत निसटलेली दुसरी छोटी लाथ पंचाच्या नजरेतून सुटत नाही. ती टाळण्यासाठी हंगामाच्या सुरुवातीचे काही दिवस केवळ भिंत सोडून पहिल्या श्वासापर्यंतचा भाग सावकाश करून पाहावा.

चारही प्रकार एकामागून एक पोहायच्या वैयक्तिक मेडलेच्या शेवटच्या फ्रीस्टाइल टप्प्यात भिंत सोडताना पाठीवर राहून डॉल्फिन लाथा मारणे चालत नाही. कोणतीही लाथ किंवा हात मारण्याआधी छाती खाली वळलेली असली पाहिजे. नुसत्या फ्रीस्टाइल शर्यतीत जे चालते ते इथे का चालत नाही, असा प्रश्न मुले विचारतात. मेडलेतील फ्रीस्टाइल म्हणजे बाकीच्या तीन प्रकारांपेक्षा वेगळे काहीतरी, आणि पाठीवरचे पोहणे तिथे आधीच होऊन गेलेले असते, हे त्याचे उत्तर आहे. रिलेमध्ये मागे तिरकी फळी असलेल्या ब्लॉकवरून, म्हणजे उडी मारायच्या ओट्यावरून, निघताना किमान एक पाऊल त्या फळीच्या पुढे, मंचावर टेकलेले असावे लागते. फळीच्या माथ्यावरून झेप घेता येत नाही. शिवाय सर्व संघांचे पोहणे संपण्याआधी आनंदाच्या भरात सोबत्याच्या गळ्यात पडायला पाण्यात उडी मारली, तर जिंकलेली रिले हातची जाते. पाचशे यार्डांच्या शर्यतीत काठावरचा मित्र फलक दाखवून फेऱ्या मोजतो, पण वीस लांब्या पूर्ण करण्याची जबाबदारी पोहणाऱ्याचीच असते.

पोशाखाच्या बाबतीत पालक सर्वाधिक पैसे आणि सर्वांत कमी लक्ष देतात. २००९मध्ये हायस्कूल स्पर्धांतून संपूर्ण अंग झाकणारे वेगवान सूट बाद झाले. तेव्हापासून स्पर्धेचा सूट कापडी हवा, मुलांचा कमरेपासून गुडघ्यापर्यंत आणि मुलींचा खांद्यापलीकडे किंवा गुडघ्याखाली न जाणारा, आणि अंगावर एकच. उत्पादकाचे चिन्ह सव्वादोन चौरस इंचांपेक्षा मोठे असता कामा नये. क्लबच्या स्पर्धेत वापरलेला सूट शाळेत चालेलच असे गृहीत धरू नये, आणि संकोचामुळे किंवा श्रद्धेमुळे अधिक अंग झाकणारा सूट हवा असेल तर ते प्रशिक्षकाला हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात सांगावे.

सूट नीट बसतो की नाही, हा प्रश्न २०१९च्या सप्टेंबरमध्ये अलास्कातील अँकरेज येथे देशभर गाजला. शर्यत जिंकलेल्या एका मुलीला सूट पुरेसे झाकत नसल्याच्या कारणाने अपात्र ठरवण्यात आले. काही दिवसांतच राज्य संघटनेने तो निर्णय फिरवून तिचे गुण परत दिले, कारण शर्यतीआधी प्रशिक्षकाला सूचना देण्याची नियमातील पायरी पाळली गेली नव्हती. त्या प्रसंगातील अन्यायाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. पण व्यवहारात उपयोगी पडणारी बाब त्या पायरीत आहे. सूटविषयी पंचाला शंका असेल तर ती ब्लॉकवर चढण्यापूर्वी प्रशिक्षकापर्यंत आली पाहिजे, आणि प्रशिक्षकाला ही पायरी माहीत असली तरच तो तिच्याकडे बोट दाखवू शकतो.

डायव्हिंगमध्ये तर बऱ्याचशा चुका फळीवर चढण्याआधी, मारायच्या सुरांची यादी असलेले शीट भरतानाच होतात. मुळात नावेच फसवी आहेत: ‘व्हॉलंटरी’ म्हटलेल्या सुरांत काठिण्यावर मर्यादा असते आणि मोकळीक मिळते ती ‘ऑप्शनल’ सुरांत. दोन शाळांच्या साध्या सामन्यात सहा सूर असतात, एक व्हॉलंटरी आणि पाच ऑप्शनल, आणि ते पाच किमान चार गटांतून यावे लागतात. अकरा सुरांच्या मोठ्या स्पर्धेत पाच व्हॉलंटरी आणि सहा ऑप्शनल असतात. व्हॉलंटरी सुरांच्या काठिण्यांकांची, म्हणजे सूर किती अवघड ते सांगणाऱ्या आकड्यांची, बेरीज ९.० पेक्षा जास्त होता कामा नये, आणि फेऱ्यांची वाटणीही ठरलेली असते: प्राथमिक फेरीत दोन व्हॉलंटरी आणि तीन ऑप्शनल, उपांत्य फेरीत दोन आणि एक, अंतिम फेरीत एक आणि दोन. सहा सुरांची सवय झालेले मूल पहिल्यांदा अकरा सुरांचे शीट भरते, तेव्हा हा क्रम हमखास उलटसुलट होतो. शिवाय एकाच क्रमांकाचा सूर वेगळ्या अंगस्थितीत लिहिला तरी तो तोच सूर मानला जातो, त्यामुळे १०३ बी आणि १०३ सी (आकडा सुराचा, अक्षर अंगस्थितीचे) हे दोन वेगळे सूर म्हणून मोजता येत नाहीत. जाहीर झालेल्या क्रमांकापेक्षा वेगळा सूर मारला, तर तो कितीही सुबक असला तरी शून्यच मिळते. म्हणून शीट मुलाने भरावे, प्रशिक्षकाने तपासावे आणि निवेदकाने वाचताना मुलाने कान देऊन ऐकावे. चुकीचा क्रमांक ऐकू आला तर तिथेच थांबून सांगावे.

निघालेले पाऊल अडखळून थांबले तर त्याला ‘बॉक’ म्हणतात, आणि प्रत्येक परीक्षकाच्या गुणांतून दोन गुण कापले जातात. हे किती महाग पडते ते पाहा: १०३ बी या सुराचा एक मीटर फळीवरचा काठिण्यांक १.७ आहे, तीन परीक्षकांनी सहा-सहा गुण दिले तर त्यांच्या बेरजेला काठिण्यांकाने गुणून ३०.६ होतात, बॉकनंतर तेच गुण चार-चार होऊन २०.४ उरतात. दुसऱ्यांदा थांबल्यास सूर बादच होतो. पाय चुकला असे वाटले तरी थांबण्यापेक्षा सूर पूर्ण करणे बहुधा स्वस्त पडते, पण फळीच्या जवळ जाऊन डोके आपटण्याचा धोका असेल तिथे हा हिशेब मुळीच करू नये.

एवढे करूनही पंजा वर गेलाच, तर पालकांनी प्रेक्षकांतून उठून पंचांकडे जाऊ नये. पंचाने जे पाहिले त्यावर, म्हणजे हात एकाच वेळी लागले की नाही यासारख्या गोष्टीवर, तक्रार करता येत नाही; नियमच चुकीचा लावला गेला असेल तर मात्र प्रशिक्षक रेफरीकडे, म्हणजे मुख्य पंचाकडे, जाऊ शकतो. त्यासाठी अपात्रतेच्या कागदावर नेमके कोणते कारण लिहिले आहे ते आधी शांतपणे वाचावे, आणि त्या वर्षीच्या पुस्तकातील ते कलम उघडून हातात धरूनच बोलायला सुरुवात करावी.